केरबामामांच्या जीपचं स्टेअरिंग

"दिनू, स्टेअरिंग लई हलकं झालंय बग. हातात कायच लागंना," केरबामामा जीपमधून उतरता उतरता म्हणाले, आणि मला राग आला.

राग यायला कारण होतं. ते स्टेअरिंग मीच बसवलेलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या दोन कारखान्यांमधल्या बोळात माझं गॅरेज होतं, आणि दारावर पाटी होती, 'स्टेअरिंगची सर्व कामे खात्रीने केली जातील'. 'खात्रीने' हा शब्द मी पेंटरकडून मुद्दाम लाल रंगात काढून घेतला होता. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात माणसाला स्वतःच्या हातांबद्दल नको तेवढी खात्री असते. आता अठरा वर्षांनी ती पाटी नाही. गॅरेज आहे.

केरबामामा माझे नात्यातले मामा नव्हेत. तीस वर्षं दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होते, आणि मी शिकाऊ होतो तेव्हापासून त्यांना सगळं उद्यमनगर मामा म्हणायचं. निवृत्त झाल्यावर ते गारगोटीच्या वर डोंगरात, करंबळवाडीला आपल्या घरी राहायला गेले आणि एक जुनी डिझेल जीप घेतली. पुढं गवताच्या गंजीवरून पडून त्यांचा उजवा खांदा निखळला. खांदा बसला, पण जीपचं जड स्टेअरिंग काही त्यांना ओढेना. तेव्हा मी भंगारबाजारातून एका मोठ्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स आणि पंप शोधून आणला आणि त्यांच्या जीपला पॉवर स्टेअरिंग बसवून दिलं. मामा एका बोटानं घाट चढायला लागले. भेटेल त्याला सांगायचे, "दिनूनं लोण्यात सुरी फिरवल्यागत केलंय." मी ते ऐकून वरवर 'काय मामा' म्हणायचो आणि आतून फुगायचो.

त्याला सहा वर्षं झाली होती, आणि आता तेच मामा म्हणत होते की सुरी फारच फिरतेय.

पुढच्या सीटवर मामी बसल्या होत्या. हौसाबाई त्यांचं नाव. डाव्या दंडाला पांढरी पट्टी, चेहरा राखेच्या रंगाचा. दवाखान्यातूनच येत होत्या. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दर सोमवारी आणि गुरुवारी मामा त्यांना सत्तर किलोमीटरवरून डायलिसिसला आणत. मामी त्याला 'रगात धुवायला' म्हणायच्या. करंबळवाडीला एसटी दिवसातून एकदा, आणि डायलिसिस झाल्यावर बाईला उभं राहणं होत नसे. गावात गाडी चालवणारी पोरं होती ती सगळी मुंबई-पुण्याला. मूलबाळ नव्हतं. महिनाभर कोल्हापुरात खोली घेऊन राहून बघितलं होतं, तर मामींनी तिथं अन्नच टाकलं. डॉक्टरांनी मामांना साफ सांगितलं होतं की एकही खेप चुकवायची नाही. थोडक्यात, ती जीप दवाखान्याच्या दारात येत होती तोवर मामी होत्या.

म्हणून मी हातातलं काम बाजूला ठेवून त्या गाडीला हात घातला. आणि इथंच पहिली चूक केली.

माझे वस्ताद बाबालाल मिस्त्री. त्यांची एक शिस्त होती. स्टेअरिंगची तक्रार आली की गाडीला हात लावायच्या आधी मालकाला चालवायला लावायची, आपण शेजारी बसायचं आणि दोन मैल तोंड उघडायचं नाही. "गाडी आपलं दुखणं मालकाच्या हातातनं सांगती," असं ते म्हणायचे. ही शिस्त मी प्रत्येक गाडीला पाळली होती. मामांच्या गाडीला पाळली नाही. ते स्टेअरिंग मी जन्माला घातलं होतं, त्याचं दुखणं मला दुसऱ्यानं कशाला सांगायला हवं? मोठ्या गाडीचा पंप लहान गाडीला, जोर जास्त पडणारच. पंपातल्या स्प्रिंगखालची एक वॉशर काढली, जोर उतरवला, आणि स्वतः जीप घेऊन विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरून आलो. झकास चालत होती.

तोवर चहा आला. चहावाल्याच्या पोऱ्यानं उकळता चहा आणला होता. मी पेला रुमालात धरला. मामांचा बिनसाखरेचा होता. त्यांना बारा वर्षं साखरेचा त्रास, त्यामुळं त्यांचा चहा वेगळा सांगायचा हे मला पाठ होतं. त्यांनी पेला सगळ्या मुठीत धरला आणि बोलत उभे राहिले.

"मामा, हात हाय का ऐरण?" मी विचारलं.

मामा हसले. शेजारचा लेथवाला हसला. मामींनी मात्र सीटवरून मामांच्या हाताकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, बाई दमली आहे.

सोमवारी मामा परत आले. तेच गाऱ्हाणं. गाडी रस्त्यावर नाचते, सरळ धरावी तर डावीकडं जाते, ओढावी तर उजवीकडं जास्त येते. हातात काही लागतच नाही. मला पटेना, पण गिऱ्हाईक खोटं बोलत नाही हाही वस्तादांचाच नियम. बॉक्सचा स्क्रू अर्धा आटा आवळला, टाय रॉडचे दोन्ही जॉइंट बदलले, पुढची चाकं तार ताणून एका रेषेत आणून घेतली. मामी तेवढा वेळ लेथवाल्याच्या दुकानातल्या बाकावर आडव्या पडल्या होत्या. पुन्हा मीच गाडी फिरवून आणली. पुन्हा झकास.

निघताना बघतो तर मामांच्या एकाच पायात चप्पल. दुसरी कुठं गेली म्हणून विचारलं तर खाली बघून म्हणाले, "आरं तिच्या मायला, दवाखान्यात राहिली वाटतं." दवाखान्यापासून माझ्या गॅरेजपर्यंत माणूस एका अनवाणी पायानं गाडी चालवत आला होता आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. आम्ही सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा केली. मी म्हणालो, "मामा, मामींना तरी आणलंय न्हवं आठवणीनं?" ही चेष्टा मला अजून आठवते, आणि आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गुरुवारी तिसऱ्यांदा जीप दारात उभी राहिली तेव्हा मी हट्टाला पेटलो होतो. लेथवाला आडून बोलायला लागला होता की खात्रीचा लाल रंग जरा उडायला लागलाय. मी ठरवलं, आता पाचरीच घालायच्या. पुढच्या पाट्यांच्या स्प्रिंग आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घातली की चाकांचा कल बदलतो. मग स्टेअरिंग जड होतं आणि वळण संपलं की आपोआप सरळ येतं. मामांना सांगितलं, दोन तास लागतील. ते मामींची औषधं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

मी गाडीखाली शिरणार इतक्यात मामींनी हाक मारली.

"दिनू, हिकडं ये. ही गाडी नीट हुईत न्हाई म्हणून सांग तेनास्नी."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही घोटाळा झाला. मी म्हणालो, "हुतीया की मामी. आज हुतीयाच."

"मी सांगतो ते ऐक. हुईत न्हाई म्हण. भंगारात घाला म्हण."

"का म्हणून पण?"

"इचारू नको. तुझा शब्द ते मोडायचे न्हाईत."

मी दुखावलो. खरं सांगायचं तर चांगलाच दुखावलो. मला वाटलं, बाईचा माझ्या कामावरचा विश्वास उडाला, तीन खेपा झाल्या म्हणून आता अपमान करते आहे. नाहीतर डायलिसिसला कंटाळली असेल आणि माझ्या खांद्यावर बंदूक ठेवत असेल. दोन्हींतलं काही मला खपणारं नव्हतं. मी म्हणालो, "मामी, माझ्या हातानं न हुणारं स्टेअरिंग अजून यायचंय."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं बाबा," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेऊन पडून राहिल्या.

लेथवाल्याकडून पाचरी कातून घेतल्या, बसवल्या, आणि दुपारी तीनच्या सुमाराला मामांच्या हातात गाडी दिली. त्यांनी बोळाच्या तोंडापर्यंत नेऊन आणली आणि खाली उतरून मला मिठीच मारली.

"आता हातात लागतंय बग! खांद्यापातूर कळतंय, गाडी कुटं चाललीया त्ये."

मी लेथवाल्याकडे बघून भुवया उडवल्या. इतकं बरं वाटलं की काय सांगू. मामा तर ऐकेचनात. म्हणाले, आज माझ्याबरोबर घरी चल, घाटात बसून बघ तुझं काम, रात्री कोंबडं कापतो, सकाळच्या एसटीनं परत ये. मी हात धुतले आणि निघालो. मागच्या सीटवर चढत होतो तर मामी पुढच्या सीटवरून खाली उतरल्या.

"तू पुढं बस. तेंच्या शेजारी," त्या म्हणाल्या आणि स्वतः मागं जाऊन बसल्या. आजारी बाईला मागं बसवायचं मला बरं वाटेना, पण त्यांनी दार लावूनही घेतलं होतं.

गारगोटीपर्यंत मी बोलतच होतो. आपण पाचरी कशा कातल्या, अंश किती धरला, असल्या गप्पा. गारगोटी सोडली, रस्ता अरुंद झाला, घाट लागला, आणि माझं बोलणं हळूहळू थांबलं.

ड्रायव्हर रस्त्याकडे बघतो. आरशात बघतो, कधी शेजारच्याकडे बघतो. स्वतःच्या हाताकडे तो कधी बघत नाही. मामा बघत होते. प्रत्येक वळणाआधी नजर खाली यायची, उजवा हात चाकावर कुठं आहे ते शोधायची, मग डावा हात, आणि मग दोन्ही हात वळायचे. वळण संपलं की ते पुन्हा बघायचे, मूठ अजून मिटलेली आहे ना म्हणून. आणि ब्रेक लावायच्या आधी ते पायाकडे बघायचे.

मला पेला आठवला. चप्पल आठवली.

तिसऱ्या वळणावर समोरून एक बाई जळणाचा भारा घेऊन उतरत होती. मामांनी तिला माझ्याआधी बघितलं, डोळे चांगले होते त्यांचे. त्यांनी पाय दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. पाय अॅक्सिलेटरवर होता. बाई भाऱ्यासकट डोंगराला चिकटली. मामांनी खाली बघितलं, पाय उचलून ब्रेकवर ठेवला, आणि जीप तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. बाईनं शिव्यांची लाखोली वाहिली. मामांच्या कपाळावर घाम आला होता.

"बगितलास?" ते मला म्हणाले. "अजून जरासं हलकंच हाय."

मी आरशात बघितलं. मामी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. मामा म्हशीची धार काढून दूध घालायला डेअरीवर गेले. मामी चुलीपुढं बसल्या, मी उंबऱ्यात. मी विचारलं, कधीपासून आहे हे.

सहा महिने झाले, मामी म्हणाल्या. आधी पाय गेले, मग बोटं. परवा चुलीतला निखारा पायावर पडला तर वास आल्यावर कळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखरेनं नसा मेल्या, त्या काही परत यायच्या नाहीत आणि गाडी चालवायची नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि त्याच पावली जीप सुरू करून मामींना घरी आणलं.

"मग तुमी तेनास्नी सोडा म्हणत का न्हाई?"

"म्हटलं की. म्हणाले, मग तुला न्हेणार कोण? मी येत न्हाई म्हटलं तर उचलून गाडीत घालत्यात." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ह्याच रस्त्यानं साळंची पोरं जात्यात, दिनू. तिसऱ्या वळणावरनं. आज भारावाली वाचली."

मी उंबऱ्यातून अंगणातल्या जीपकडं बघितलं.

"मी काय आज न्हाई उद्या जायाचीच," त्या म्हणाल्या. "पर माझ्यामागं हा माणूस म्हणत बसंल, माझ्या हातापायानं दगा दिला म्हणून बायकू मेली. जलमभर म्हणंल. गाडी मोडली तर कुणाचाच दोष न्हाई. लोखंड हाय, मोडतंय. म्हणून तुला म्हटलं हुतं. तर तू खात्रीनं नीट केलीस."

हे त्या टोचून बोलल्या नाहीत. साधं बोलल्या. मी उंबऱ्यात बसून रडलो, आणि चुलीचा धूर आहे असंही म्हणालो नाही.

मग मी शब्द दिला. म्हणालो, मामी, मी येतो. सोमवारी आणि गुरुवारी माझी व्हॅन घेऊन येतो, तुम्हाला नेतो आणि परत आणून सोडतो. त्या म्हणाल्या, तुला पोट आहे, किती दिवस येशील? मी म्हणालो, तुम्ही आहात तोवर. चुलीला हात लावून शपथ घेतली. त्या जराशा हसल्या.

"ये बाबा. पर आदी ती गाडी मोड."

सकाळी मामा म्हैस पाण्यावर घेऊन गेले तेव्हा मी परसातून लाकडं फोडायचा घण आणला आणि जीपचं बॉनेट उघडलं. बॉक्स बिडाचा होता. बीड वाकत नाही, फुटतं. आयुष्यात मी शेकडो बॉक्स दुरुस्त केले, फोडला तेवढा एक. पहिला घाव नीट बसला नाही, दुसऱ्याला चीर गेली, आणि तेल माझ्या पायावर सांडलं. मागच्या दारात मामी उभ्या होत्या. घण मी त्यांच्याकडे दिला, त्यांनी तो पदरानं पुसून जागेवर ठेवला.

मामा आले. मी बॉनेट उघडं ठेवून उभा होतो, आणि घाटात एसटी पकडायला निघालेल्या माणसाच्या घाईनं बोललो. म्हणालो, मामा, सकाळी एकदा तपासावं म्हणून बघितलं तर बॉक्स फुटलाय. आतून चीर होती वाटतं, माझ्या पाचरींचा ताण पडला. असला बॉक्स आता कुठं मिळायचा नाही. आणि जुनं जड स्टेअरिंग तुमच्या खांद्याला झेपायचं नाही.

मामा खाली वाकले. चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला काही कळत नव्हतं हे आता मला माहीत होतं, म्हणून ते बोट बघवेना. ते बराच वेळ तसेच वाकून बघत राहिले.

"गेला म्हणायचा," ते म्हणाले.

"गेला, मामा."

"लोखंडच त्ये," मामी दारातून म्हणाल्या. "तुमी तरी काय करणार?" त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग दिसला. मला त्यांनी दुसऱ्यांदा चहा दिला, आणि मी व्हॅन घेऊन यायचं कबूल केलंय हे मामांना त्यांनीच सांगितलं. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी पाच खेपा केल्या. पहाटे निघायचो, साडेसहाला करंबळवाडी, नऊला दवाखाना, एकला परत निघून मामींना घरी सोडायचो आणि दिवस मावळता गॅरेजात. मामी व्हॅनमध्ये मागं आडव्या पडायच्या, मामा माझ्या शेजारी बसायचे. पूर्वीचे टँकरचे किस्से सांगायचे. बोलता बोलता वळण आलं की त्यांचे दोन्ही हात मांडीवर नकळत वळायचे. पाचव्या खेपेला त्यांनी मला वाटेत विचारलं, "तुझं गॅरेज कोण बगतंय?" मी म्हणालो, बंद असतं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

सहावी खेप गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी एका वाहतूकवाल्यानं टेम्पो आणून दारात लावला. त्याच्या सात गाड्यांचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडं होतं. गुरुवारी दुपारपर्यंत स्टेअरिंग हवं, नाहीतर इथून पुढं दुसरीकडं जातो, म्हणाला. दोन आठवड्यांत तीन गिऱ्हाइकं तशी गेलेलीच होती. मी विचार केला, एकच तर खेप आहे. सोमवारी लवकर जाऊ. करंबळवाडीच्या डेअरीत फोन होता, तिथं गुरुवारी पहाटे निरोप ठेवला, 'दिनू आज येत नाही, सोमवारी नक्की येतो'. कारण सांगितलं नाही. टेम्पोचं काम दुपारी एकला संपलं. लेथवाला म्हणाला, अजून जाशील तर जाशील. मी दमलो होतो. गेलो नाही.

शनिवारी मामींना धाप लागली. रविवारी सकाळी गावकऱ्यांनी त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर घालून खाली आणायला काढलं. त्यांना अंगणातून बाहेर काढायच्या आधी वाटेत आडवी असलेली जीप चौघांनी ढकलून बाजूला केली, असं मला नंतर कळलं. तिसऱ्या वळणाच्या आसपास त्या गेल्या.

बाराव्याला मी गेलो. भाऊबंद जेवून उठले, मांडव रिकामा झाला, तसं मामांनी मला खूण केली आणि मागं नेलं. जीप पडवीच्या कडेला उभी होती. त्यांनी बॉनेट वर केलं.

"बीड आतनं फुटलं तर कसं फुटतंय, म्हाईत हाय तुला," ते म्हणाले. "ह्यो घाव वरनं हाय. हितं टवका उडालाय, बग. आमच्याच घणाचा हाय. तीस वर्षं टँकर चालवलाय मी."

मी म्हणालो, "मग त्या दिशी बोलला का न्हाई?"

"तिला बरं वाटलंतं. बगितलंस न्हवं तू?" ते बॉनेटच्या काठावर हात टेकून उभे होते. "आन खरं सांगू? मलाबी सुटल्यागत झालं. रोज सकाळी किल्ली घेताना माझं काळीज थांबायचं, दिनू. पर मी थांबतो म्हणालो असतो तर मीच तिला मारल्यागत हुतं. तुमी दोघांनी गाडीला मारलंसा. बरं केलंसा."

पुढं कुणीतरी पत्रावळी गोळा करत होतं.

"एक सांग," मामा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते. "त्या गुरुवारी डेअरीवाल्यानं तुझा निरोप आणला. ती म्हणाली, 'बरं झालं.' मला तवाच वाटलं, हिनंच ह्याला नको म्हणून सांगितलं आसंल. आदल्या खेपंला तुमी दोघं दवाखान्यात बोलत बसला हुता. तू आसा मधीच सोडणारा न्हाईस, मला ठावं हाय. तिनंच सांगितलं न्हवं, येऊ नको म्हणून?"

दवाखान्यात आम्ही बोलत होतो ते खरं होतं. मामी मला गुरुवारी ताक घेऊन येते म्हणाल्या होत्या.

मामांनी मान वर केली आणि वाट बघत राहिले. "व्हय, मामा," मी म्हणालो. "तेनीच सांगितलं."